नाडीचा ताल चुकतो तेव्हा

गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय अडुसष्ट. स्वतःची तक्रार काही नव्हती. मुलाने पुण्याहून रक्तदाब मोजण्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणून दिले होते आणि त्याच्या पडद्यावर दर वेळी हृदयाचे एक चिन्ह लुकलुकत होते. "यंत्र बिघडलंय का, तेवढं बघा डॉक्टर," म्हणाले. मी यंत्र बाजूला ठेवले आणि त्यांचे मनगट हातात घेतले. यंत्र चांगले होते.

वाचकहो, आज त्या चिन्हाविषयी, म्हणजे 'एट्रियल फिब्रिलेशन' या विकाराविषयी लिहायचे आहे. नाव बोजड आहे. आम्ही डॉक्टर मंडळी त्याला नुसते 'एएफ' म्हणतो, तेच नाव येथे वापरतो. विकार मात्र मुळीच दुर्मीळ नाही. साठी उलटलेल्यांत तो पुष्कळ आढळतो आणि आपल्याकडे, ज्यांच्या हृदयाची झडप लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेली असते, अशा तिशी-चाळिशीच्या स्त्रियांतही आढळतो.

आधी थोडे हृदयाविषयी. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन कप्पे आलेले रक्त गोळा करून खाली देतात, खालचे दोन ते जोराने फुप्फुसांकडे आणि सर्व शरीरात ढकलतात. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. तेथून विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेची सूक्ष्म लहर निघते, ती वरून खाली पसरते आणि हृदय एका तालात आकुंचन पावते. एएफमध्ये या एका ठिकाणाऐवजी वरच्या कप्प्यांत जागोजागी लहरी उठतात, मिनिटाला साडेतीनशेपासून सहाशेपर्यंत. इतक्या वेगाने कोणताही स्नायू आकुंचन पावू शकत नाही. वरचे कप्पे मग नुसते थरथरत राहतात.

सुदैवाने वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये निसर्गाने एक नाके बसवले आहे. ते सगळ्या लहरी खाली सोडत नाही, पण ज्या सोडते त्यांना काही शिस्त नसते. त्यामुळे नाडी कधी भरभर, कधी थांबून, एक ठोका मोठा, पुढचा अगदी बारीक अशी लागते. पत्र्याच्या छपरावर वळवाचे पहिले टपोरे थेंब पडतात ना, तशी. निरोगी माणसाचाही एखादा ठोका अधूनमधून चुकतो, त्याने घाबरू नये. एएफमध्ये चुकण्यालाही नियम नसतो, हा फरक.

या विकाराचा शोध घेणाऱ्यांत आमच्यासारखाच एक साधा जनरल प्रॅक्टिशनर होता, हे सांगायला मला नेहमी आवडते. इंग्लंडमधील बर्नली या गिरण्यांच्या गावात जेम्स मॅकेन्झी नावाचे डॉक्टर होते. जवळच्या गावातल्या एका घड्याळजीच्या मदतीने त्यांनी मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल एकाच वेळी कागदावर उमटवणारे यंत्र बनवले. झडपेचा आजार असलेल्या एका स्त्रीला ते वर्षानुवर्षे तपासत होते. १८९८ साली तिची नाडी एकाएकी अनियमित झाली आणि मानेतल्या शिरेची, वरच्या कप्प्याच्या आकुंचनाने उठणारी लाट नाहीशी झाली. वरचा कप्पा काम करीत नाही, एवढे त्यांनी ओळखले. तो थरथरत असतो, हे पुढे १९०९ साली थॉमस लुइस यांनी ईसीजीच्या आधारे दाखवले. एकाच रोग्याला वीस-वीस वर्षे पाहण्याची संधी मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञांना क्वचितच मिळते, आम्हाला मिळते. ती आम्ही किती वापरतो, हा प्रश्न निराळा.

एएफच्या काही रोग्यांना छातीत धडधडते, जिना चढताना दम लागतो, उगीच थकवा येतो, चक्कर येते. पण पुष्कळांना काहीच होत नाही, आणि तीच अडचण आहे. कारण या आजारातला मोठा धोका धडधडीत नाही, रक्ताच्या गुठळीत आहे. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो. कप्पा नीट आकुंचन पावत नाही, तेव्हा त्या कोपऱ्यात रक्त साचून राहते, आणि साचलेले रक्त गोठते. गुठळीचा तुकडा सुटला की बहुधा मेंदूकडे जातो. तेथली रक्तवाहिनी बंद झाली की लकवा. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी अनेक वर्षे चाललेल्या पाहणीत एएफ असलेल्यांना लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट आढळला, आणि सांधेतापाने झडप खराब झालेल्यांत तर सतरापटीहून अधिक.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

२०१४ साली आमच्या गावचे एक निवृत्त शिक्षक रक्तदाब तपासायला आले. वय एकाहत्तर. तालुक्यातल्या दोन पिढ्यांना त्यांनी मराठी शिकवले. नाडी अनियमित लागली म्हणून ईसीजी काढला, तर एएफ. नाडी आटोक्यात ठेवण्यासाठी मी मेटोप्रोलॉल सुरू केले आणि सोबत ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी लिहिली. गुठळी रोखणारे खरे औषध दिले नाही. त्या औषधाला जी रक्ततपासणी वारंवार लागते ती त्या वेळी आमच्या गावात होत नव्हती. जिल्ह्याच्या गावी जाऊन येण्यात दिवस मोडतो. शिवाय औषधाने रक्तस्राव झाला तर लोक मला विचारणार, औषध न दिल्याने लकवा झाला तर नशिबाला बोल लावणार, हेही मनात कुठेतरी होतेच. ॲस्पिरिन म्हणजे काहीतरी दिल्यासारखे होते.

वस्तुस्थिती तेव्हाच स्पष्ट झाली होती. निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तर वॉर्फरिनने एएफमधला लकवा सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो, ॲस्पिरिनने जेमतेम एक पंचमांशाने. २००७ साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी पंचाहत्तरीपुढच्या रोग्यांत दोन्हींची तुलना केली. वॉर्फरिन घेणाऱ्यांत लकवे निम्म्याहून कमी झाले आणि गंभीर रक्तस्राव ॲस्पिरिनपेक्षा जास्त आढळला नाही. हे सारे २०१४ च्या आधी छापून आले होते. मी वाचले नव्हते, असेही नाही.

सात महिन्यांनी एका पहाटे गुरुजींच्या सौभाग्यवती धावत दवाखान्यात आल्या. गुरुजींचा उजवा हात उचलत नव्हता आणि ते भलतेच शब्द बोलत होते. पाणी हवे होते, ते "पाटी, पाटी" म्हणत होते. झोपेतच केव्हा झाले कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनाची वेळ टळून गेली होती. जीव वाचला. चालू लागले. बोलणे वर्ष-दीड वर्षात बरेचसे परतले, उजव्या हाताची बोटे मात्र आजही पेन धरीत नाहीत.

वर्षभराने मी त्यांच्या घरी जाऊन, वर लिहिले आहे ते सगळे त्यांना सांगितले. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "बाकीच्यांना... द्या."

त्या आठवड्यात मी दवाखान्यातले जुने कागद काढून बसलो. एएफ असूनही नुसत्या ॲस्पिरिनवर ठेवलेले अकरा रोगी सापडले. एकेकाला निरोप धाडला. आमच्या गावचे छोटेसे मंडळ त्यातूनच उभे राहिले. त्याविषयी पुढे लिहितो, आधी उपचार समजून घेऊ.

उपचारांची दोन निराळी कामे

एएफच्या रोग्याला साधारणतः दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात आणि त्यांची गल्लत हमखास होते. पहिली गोळी नाडीची गती आवरते. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही त्यातली नावे. यांनी धडधड आणि दम कमी होतो. डिगॉक्सिन फार जुने औषध आहे. १७८५ साली विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिसच्या पानांवर पुस्तक लिहिले, त्याच घराण्यातले हे औषध. योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे. ते चालू असताना जेवणावरची वासना गेली, मळमळ सुरू झाली किंवा वस्तू पिवळसर दिसू लागल्या, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी गोळी गुठळी रोखते. तिला लोक 'रक्त पातळ करण्याची गोळी' म्हणतात. रक्त काही पातळ होत नाही, फक्त ते गोठायला वेळ लागतो. हिचा परिणाम रोग्याला जाणवत नाही. धडधड थांबली की लोक म्हणतात, आता बरे वाटते, आणि दोन्ही गोळ्या बंद करतात. पहिलीने बरे वाटते, दुसरीने वाटत काहीच नाही, आणि जीव राखते ती दुसरी. एएफ अधूनमधूनच येत असले, मधल्या काळात नाडी सुरळीत असली, तरी धोका असलेल्या रोग्याला ही दुसरी गोळी रोजच लागते. पासष्ट उलटलेले वय, रक्तदाब, मधुमेह, हृदय कमजोर असणे, हृदयविकाराचा झटका किंवा पूर्वी लकवा येऊन गेलेला असणे, यांतले काय काय आहे ते पाहून डॉक्टर ठरवतात.

ताल मुळातच पूर्ववत करण्याचेही उपाय आहेत. विजेचा नियंत्रित धक्का, ॲमिओडॅरोनसारखी औषधे, आणि पायातल्या शिरेतून बारीक नळी नेऊन लहरी उठण्याच्या जागा वेगळ्या पाडण्याची प्रक्रिया. या लहरी बहुधा फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवले. विकार नवा असेल तर तालावरचे उपचार लवकर सुरू केल्याने फायदा होतो, असे २०२० सालच्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात आढळले. म्हणून एएफ कळल्यावर एकदा तरी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे, इको करावा आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. थायरॉईड वाढल्यामुळे आलेले एएफ त्याच्या उपचारानेच पुष्कळदा जाते.

गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांत दोन घराणी आहेत. जुन्या घराण्यात वॉर्फरिन आणि आपल्याकडे जास्त चालणारे ॲसिनोकुमारॉल, म्हणजे पुष्कळांना ठाऊक असलेली 'ॲसिट्रॉम'. यांची कुळकथा गमतीची आहे. १९२० च्या सुमारास अमेरिका-कॅनडातली गुरे, कुजलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कार्ल लिंक आणि त्यांचे सहकारी यांनी चाऱ्यातला तो पदार्थ शोधला. त्याचाच भाऊबंद वॉर्फरिन, १९४८ पासून उंदीर मारायला वापरला गेला आणि १९५४ साली माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाला. "डॉक्टर उंदराचं औषध देतात" असे कोणी सांगितले तर ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मात्रेचा सगळा खेळ आहे, आणि ती मात्रा ठरते 'आयएनआर' या तपासणीवर. हे औषध न घेणाऱ्याचा आयएनआर सुमारे १ असतो. एएफमध्ये तो २ ते ३ ठेवायचा. २ च्या खाली गोळी घेऊनही संरक्षण अपुरे, ४ च्या वर रक्तस्रावाची भीती वाढत जाते. आकडा स्थिर होईपर्यंत आठवड्याला, मग साधारण महिन्याला तपासणी.

नव्या घराण्यात डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन. २०१० नंतर आलेली ही औषधे. आयएनआर लागत नाही, भाजीपाल्याचे बंधन नाही, आणि मेंदूतला रक्तस्राव वॉर्फरिनपेक्षा कमी. मात्र मूत्रपिंडाच्या कामावर मात्रा ठरते, म्हणून क्रिएटिनिन वेळोवेळी पाहावे लागते. रिव्हारॉक्साबॅन पोटभर जेवणासोबतच घ्यावे. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडू नये आणि पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नये. या गोळ्यांचा असर एका दिवसात उतरतो, तेव्हा लग्नकार्यात चार दिवस राहिली, तर ते चार दिवस उघड्यावरच काढले म्हणायचे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यांची झडप सांधेतापाने अरुंद झाली आहे किंवा ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांना ही नवी औषधे चालत नाहीत. सांधेतापाच्या हृदयरोगात एएफ असलेल्या साडेचार हजारांवर रोग्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशातलेही रोगी त्यात होते आणि दिल्लीच्या 'एम्स'मधले डॉक्टर त्यात अग्रभागी होते. जुन्या औषधावरच्या रोग्यांत मृत्यू आणि लकवे रिव्हारॉक्साबॅनवरच्या रोग्यांपेक्षा कमी झाले. नवे आणि महाग ते चांगलेच, असे प्रत्येक वेळी नसते.

मंडळ आणि मावशींची मेथी

त्या अकरा जणांपैकी नऊ जण गोळी घ्यायला तयार झाले. सगळ्यांना आयएनआरसाठी जिल्ह्याच्या गावी जायचे होते. गुरुजींनीच सुचवले, एकत्र जा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी एक वडापची जीप ठरली. जाता-येता दोन-दोन तास बोलणे होऊ लागले. मग तेच बोलणे गुरुजींच्या ओसरीवर होऊ लागले. गुरुजी डाव्या हाताने एका वहीत प्रत्येकाचा आयएनआर, गोळीची मात्रा आणि 'शेरा' लिहीत. शेऱ्यात काहीही असे. ताप, जुलाब, लेकीचे बाळंतपण, यात्रा.

या नऊ जणांत एक मावशी होत्या. आठवडी बाजारात पालेभाजी विकतात. झडप अरुंद झालेली, तरुणपणी पुण्याला फुग्याने ती रुंद करून घेतलेली, आणि आता एएफ. त्यांना कोणीतरी सांगितले होते, या गोळीवर पालेभाजी अजिबात खायची नाही. त्या म्हणत, "मी विकते, खात न्हाई." तरी त्यांचा आयएनआर कधी १.४, कधी ४.३. मी मात्रा वाढवीत होतो, उतरवीत होतो. गोळ्या चुकतात का म्हणून रागावतही होतो. कोडे सोडवले ते जीपमधल्या दुसऱ्या एका बाईंनी. त्यांनी सहज विचारले, "बाजारात माल उरला की काय करतीस गं?" माल उरला की मावशी त्या सुकत चाललेल्या जुड्या घरी आणून दोन-तीन दिवस तेच खात. त्याला त्या 'भाजी खाणे' म्हणत नव्हत्या. ते उरलेले संपवणे होते. पावसाने बाजार मोडला की मेथीच मेथी, आणि पुढच्या महिन्याला आकडा खाली. मग मी गोळी वाढवायचो. तेवढ्यात बाजार चांगला जायचा, भाजी उरायची नाही, आणि आकडा वर. वही उघडून बघितली तर सगळे जुळले. मी दोन वर्षे जे विचारले नाही, ते त्या बाईंनी कराडच्या फाट्यापर्यंत पोचायच्या आत विचारले.

याचे कारण असे. जुन्या घराण्यातल्या या गोळ्या 'के' जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतात, आणि मेथी, पालक, पोकळा, चाकवत, शेपू, शेवग्याचा पाला यांत ते भरपूर असते. म्हणून पालेभाजी बंद करायची नाही. बंद केली तर आकडा अधिकच हेलकावे खातो, आणि लोह वगैरे मिळायचे तेही जाते. ठरावीक खायची. मावशींचे आता एक दिवसाआड एक वाटी ठरले आहे, आणि गोळीची मात्रा त्या वाटीला जुळवली आहे. उरलेल्या जुड्या शेजारच्या शेळ्यांना जातात. आकडा दोन-अडीचच्या आसपास राहतो. वरून पेरलेल्या कोथिंबिरीची चिंता करू नये.

उलटा प्रकार चातुर्मासात दिसतो. श्रावणात सोमवार, शनिवार, मग एकादशी, नवरात्र. भगर, साबुदाणा, रताळे, आणि पालेभाजी नावाला नाही. आमच्या मंडळातल्या एका आजींचा आयएनआर नवरात्रात ५ च्या पुढे गेला आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. उपवास करू नका, असे मी सांगत नाही, कारण कोणी ऐकत नाही. पण आधी सांगा, त्या काळात तपासणी जरा लवकर करू, आणि निर्जळी उपवास मात्र करू नका. जुलाब, उलट्या, ताप येऊन जेवण तुटले तरी हेच लागू.

बाकी आहारात मीठ कमी करावे, म्हणजे लोणचे, पापड, खारी मिरची आणि ताटातले वरचे मीठ. रक्तदाब आटोक्यात असणे हा एएफवरचा निम्मा उपचार आहे. वजन जास्त असेल तर ते उतरवावे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ साली दाखवले, की ज्यांनी आपल्या वजनाचा दहावा हिस्सा वा अधिक कमी करून तो टिकवला, त्यांची एएफच्या झटक्यांतून मोकळे राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. गोळीने न साधणारी गोष्ट भाकरी मोजून खाल्ल्याने आणि रोज चालण्याने साधते. दारू पूर्ण सोडावी. जोरजोरात घोरणाऱ्यांनी, दिवसा डुलक्या येणाऱ्यांनी झोपेत श्वास अडकतो का, याची तपासणी करून घ्यावी. चहाविषयी सारखे विचारतात. दोन कप चहाने एएफ वाढते असे नाही, पण चहातून जाणारी साखर मोजा.

मंडळाचा तोटाही सांगायला हवा. २०१९ साली गुरुजींची झडप चांगली असल्याने मी त्यांना नव्या गोळीवर नेले. त्यांची तपासणीची वारी थांबली. ते ऐकून मावशींनी जुनी गोळी परस्पर बंद केली आणि गुरुजींच्या गोळीचे रिकामे पाकीट दाखवून मेडिकलमधून तीच आणली. पंधरा दिवस घेतली. ओसरीवरच्या बैठकीत त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितले, म्हणून कळले. नशिबाने काही झाले नव्हते. तेव्हापासून गुरुजींनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, 'अनुभव सांगावा, गोळी सांगू नये.'

आणखी काही गोष्टी या मंडळानेच घडवल्या. अंग दुखले की 'सुई मारा' म्हणणे थांबले. गुठळी रोखणारी गोळी चालू असताना कमरेत घेतलेल्या इंजेक्शनाने स्नायूत रक्त साकळते, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखल्यास पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि बेताने. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल यांनी जुन्या गोळीचा जोर एकदम वाढतो, क्षयावरच्या रिफॅम्पिसिनने तो पार उतरतो. म्हणून जुलाबाची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही आधी सांगावे. काढे, चूर्णे, लसणीचे अर्क यांविषयीही सांगावे, लपवू नये. मी रागावत नाही. पूर्वी रागवायचो. दात काढायचा असला तर गोळी आपण होऊन बंद करू नये, दंतवैद्य आणि आम्ही मिळून ठरवतो. खिशात एक चिठ्ठी ठेवावी, गोळीचे नाव, मात्रा आणि शेवटचा आयएनआर लिहिलेली.

ज्या तरुण स्त्रिया झडपेसाठी ॲसिनोकुमारॉल किंवा वॉर्फरिन घेतात, त्यांनी दिवस राहण्याच्या आधी तज्ज्ञांना भेटावे. पहिल्या महिन्यांत या गोळीने गर्भाला इजा होऊ शकते, आणि घाबरून ती परस्पर बंद केली तर आईच्या जिवाला धोका. मुलीचे लग्न ठरवताना झडपेची गोष्ट लपवणारे पालक मी पाहिले आहेत. सासरी गोळी लपून घ्यावी लागते, आणि लपून घेतलेली गोळी लवकरच सुटते. अशा मुलींना सांधेतापासाठी दर तीन आठवड्यांनी लागणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू असेल तर तेही आपण होऊन सोडू नये. कमरेत घेण्याच्या सुईविषयी वर लिहिले ते पाहून तर मुळीच नाही. गुठळीची गोळी चालू असताना ते कसे द्यायचे, हे डॉक्टर पाहतात.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे किंवा भलतेच शब्द येणे, यांतले एकही दिसले तर १०८ ला फोन करावा आणि शेवटचे ठीक केव्हा होते ती वेळ लक्षात ठेवावी. साधारणतः साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचा उपचार शक्य असतो. रोगी गोठणरोधक गोळीवर असला तर काय करायचे ते तिथले डॉक्टर ठरवतील, गोळीचे पाकीट सोबत न्यावे. तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवत बसू नये. डोक्याला मार लागला, शौचाला काळी डांबरासारखी झाली, लघवी लाल झाली, तर त्याच दिवशी दाखवावे.

ज्या वाचकांना आपली नाडी पाहायची आहे, त्यांनी पाच मिनिटे शांत बसून, डावा तळहात वर करून, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर उजव्या हाताची मधली तीन बोटे हलकेच ठेवावीत. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, अनियमित नाडीत तो हिशोब चुकतो. ताल बेशिस्त वाटला तर ईसीजी काढून घ्यावा. एएफमध्ये रक्तदाबाचे यंत्रही दर वेळी वेगळा आकडा दाखवते, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

सुरुवातीला ज्यांचे सांगितले, त्या गृहस्थांचा ईसीजी झाला आहे, इको झाला आहे, झडप चांगली आहे. गोळी सुरू केली. दोन दिवसांनी ते परत आले, कारण कोणीतरी त्यांना ॲस्पिरिनने भागते असे सांगितले होते. मी त्यांना गुरुजींच्या ओसरीवर पाठवले.

मंडळाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता असते. आता आमच्याच गावात आयएनआर होतो, त्यामुळे जीप बंद झाली, ओसरी चालू आहे. यायचे असल्यास आधी माझ्या दवाखान्यात विचारावे, आणि येताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणावीत, पुड्या आणि बाटल्यांसकट.

(पुढील आठवड्यात: पावसाळ्यातील जुलाब आणि मीठ-साखर-पाणी)